संमेलन, पुस्तकमेळा, लिटफेस्ट आणि हक्कांचा बाजार: नावं सारखी वाटली तरी कामं वेगळी

जानेवारी २०२६च्या पहिल्या चार दिवसांत साताऱ्यात नव्व्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्यातले दोन दिवस मी गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं घेत हिंडत होतो. सोबत भाची होती, कराडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परतीच्या एसटीत गठ्ठे पायाशी ठेवून बसलो तेव्हा तिने विचारलं, "मामा, जयपूरला दरवर्षी होतं ते आणि हे एकच ना? मग तिकडे बुकरवाले लेखक येतात, आणि आपल्या मराठी पुस्तकाला बुकर का मिळत नाही?"

तिने एका दमात दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्ही रास्त होते. एसटीच्या खडखडाटात मला धड सांगता आलं नाही. वाचनालयाचं काम करताना गेली काही वर्षं या विषयाचं जे कळत गेलं, ते इथे सविस्तर मांडतो.

गोंधळ होतो तो नावांमुळे. साहित्य महोत्सव, ग्रंथमहोत्सव, पुस्तक मेळा, बुक फेअर, लिटफेस्ट, संमेलन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण त्यांच्या पोटात चार निरनिराळी कामं आहेत. लिटफेस्टमध्ये लेखक बोलतो आणि आपण ऐकतो. पुस्तकमेळ्यात प्रकाशक विकतो आणि आपण विकत घेतो. हक्कांच्या बाजारात एक प्रकाशक दुसऱ्या प्रकाशकाला पुस्तकाचे अनुवादाचे हक्क विकतो, तिथे वाचकाचं काही कामच नसतं. आणि संमेलन ही एका भाषेची सभा असते. तिथे भाषा स्वतःच्या सुखदुःखाचं बोलते, ठराव करते, भांडतेसुद्धा. एकाच मांडवाखाली यातली दोन-तीन कामं चालू शकतात. पण कुठला कार्यक्रम मुळात कशासाठी उभा राहिला हे कळलं, की तिथून काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आपोआप समजतं.

आपल्या संमेलनापासूनच सुरुवात करू. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा बोलावली, ते याचं मूळ. १८८५च्या दुसऱ्या सभेचं आमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ही सभा नेमकी कोणाची आणि कोणासाठी, हा त्यांच्या नकारातला प्रश्न होता. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. तो प्रश्न प्रत्येक संमेलनाने स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचं उत्तर दर पिढीला नव्याने द्यावं लागतं.

साताऱ्यात यापूर्वी १९०५, १९६२ आणि १९९३ साली संमेलन झालं, सांगलीत १९४३ आणि २००८ साली. कराडला १९७५ साली झालं त्याची गोष्ट तर आमच्या घरात वडील नेहमी सांगायचे. देशात आणीबाणी होती. अध्यक्ष दुर्गा भागवत, आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्र सरकारात मंत्री होते. अशा व्यासपीठावर दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं. भाषेची सभा म्हणजे काय ते त्या दिवशी कराडने पाहिलं. अशा प्रसंगाला तिकीट लावता येत नाही आणि त्यासाठी प्रायोजकही शोधता येत नाही.

आमच्या भागाला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट सांगतो. मराठी संमेलन दिल्लीत आजवर दोनदाच झालं. १९५४ साली अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि २०२५ साली सांगलीच्या लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर.

संमेलनाचा खर्च कोण करतं? अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ गावाला संमेलन देतं, पण मांडव, निवास, भोजन आणि वाहनं यांचा भार उचलते ती गावातली निमंत्रक संस्था आणि स्वागत समिती. राज्य सरकारचं अनुदान पूर्वी ५० लाख रुपये होतं, अलीकडे ते २ कोटी झालं. बाकीचे पैसे स्थानिक संस्था, बँका, कारखाने आणि देणगीदारांकडून येतात. सरकारचा पैसा आला की सरकारी माणसं व्यासपीठावर येणार, हा वाद दरवर्षी होतो आणि तो व्हायलाच हवा. अध्यक्ष पूर्वी मतदानाने निवडला जाई. २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून मतदान बंद झालं आणि महामंडळ एकमताने नाव ठरवू लागलं.

हे झालं घरचं. आता आशियात बाहेर काय चालतं ते पाहू, आणि त्यात मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ढाक्याचा मेळा.

१९७१च्या मुक्तिसंग्रामात पूर्व बंगालमधले कित्येक लेखक जीव वाचवून कोलकात्याला आले होते. चित्तरंजन साहा नावाच्या प्रकाशकाने तिथे त्यांची पुस्तकं छापली. देश स्वतंत्र झाल्यावर फेब्रुवारी १९७२मध्ये त्यांनी ढाक्यात बांगला अकादमीच्या आवारात, बर्धमान हाउससमोर, वडाच्या झाडाखाली जमिनीवर पथारी टाकली आणि त्यावर ३२ पुस्तकं मांडली. मेळ्याची सुरुवात ती एवढीच. पुढची काही वर्षं ते एकटेच मांडत राहिले, मग इतर प्रकाशक आले, मग बांगला अकादमीने ते काम अंगावर घेतलं आणि १९८४ साली त्याला 'अमर एकुशे ग्रंथमेला' हे नाव मिळालं. 'एकुशे' म्हणजे एकवीस. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बांगला भाषेला राजभाषेचा दर्जा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळीबार झाला होता. पुढे युनेस्कोने जो आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन जाहीर केला तो याच तारखेचा.

म्हणून ढाक्याचा मेळा सगळा फेब्रुवारी महिना चालावा अशी रीत पडली. लोक हुतात्म्यांच्या मिनारावर फुलं वाहतात आणि तिथून पुस्तकं घ्यायला जातात. दरवर्षी हजारो नवी पुस्तकं मेळ्याच्या तोंडावर निघतात, कारण प्रकाशकांचं अख्खं वर्ष या एका महिन्याभोवती फिरतं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्षही दिवाळीभोवती फिरतं. फरक इतकाच की आपण सणाला मासिक जोडलं आणि बंगाल्यांनी शोकाच्या दिवसाला पुस्तक जोडलं.

कोलकात्याचा मेळा १९७६चा, तोही मुख्यतः विक्रीचा. वीस लाखांच्या वर माणसं येतात. १९९७ साली तिथे मोठी आग लागली, लाखभर पुस्तकं जळाली आणि काही दिवसांतच मेळा पुन्हा उभा राहिला. चेन्नईचा मेळा १९७७पासून पोंगलच्या सुमाराला भरतो. म्हणजे आपल्या संक्रांतीच्याच दिवसांत तमिळ माणूस घरात नवं पुस्तक आणतो.

लिटफेस्टचं घराणं वेगळं. जयपूरचा महोत्सव २००६ साली सुरू झाला, बरीच वर्षं डिग्गी पॅलेसमध्ये भरत होता आणि २०२२पासून हॉटेल क्लार्क्स आमेरमध्ये भरतो. तिथे व्यासपीठावर दोन-तीन लेखक आणि एक संवादक बसतात, तास-पाऊण तास गप्पा होतात, मग श्रोत्यांचे प्रश्न, मग लेखक पुस्तकावर सही द्यायला टेबलाशी जातो आणि पुढचं सत्र चालू. अध्यक्षीय भाषण नाही, ठराव नाही, ग्रंथदिंडी नाही. आणि आपल्या संमेलनासारख्या प्रकाशकांच्या लांबच लांब रांगाही नाहीत, एक मोठं पुस्तकांचं दुकान असतं. एक कंपनी व्यवसाय म्हणून तो उभा करते, त्यामुळे प्रायोजक मिळवणं हा तिथला कणा आहे. यात मला वावगं काही वाटत नाही. पण अशा ठिकाणी इंग्रजीचा वरचष्मा राहणार हे त्या रचनेतच आहे, कारण प्रायोजक, परदेशी पाहुणे आणि वर्तमानपत्रं या सगळ्यांची सामाईक भाषा तीच असते.

या साच्याला मोडता येतं हे कोळिकोडने दाखवलं. केरळ साहित्योत्सव २०१६पासून तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर भरतो आणि तो एका मोठ्या मल्याळी प्रकाशनगृहाशी जोडलेल्या प्रतिष्ठानने सुरू केला. मल्याळम आणि इंग्रजी दोन्ही चालतात आणि वाळूत उभं राहून ऐकणारी पोरं हजारोंनी असतात. हे एका महोत्सवाने घडत नाही. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी १९४५पासून गावोगाव ग्रंथालयांची साखळी बांधली आणि १९ जून हा त्यांचा स्मृतिदिन तिथे वाचन दिन म्हणून पाळतात. २०२३ साली युनेस्कोने कोळिकोडला 'साहित्याचं शहर' म्हटलं, भारतात हा मान मिळालेलं ते पहिलं शहर. मला वाटतं, त्या मानात किनाऱ्यावरच्या मांडवापेक्षा पणिक्करांच्या वाचनालयांचा वाटा मोठा आहे.

बालीतल्या उबुदचा महोत्सव तर दुःखातून उभा राहिला. ऑक्टोबर २००२मध्ये बालीत बाँबस्फोट झाले, दोनशेहून अधिक माणसं गेली, पर्यटक येईनासे झाले. तिथे स्थायिक झालेल्या जॅनेट डेनीफ या ऑस्ट्रेलियन बाईंनी २००४ साली लेखक-वाचकांचा मेळ भरवला, की जगाने पुन्हा या बेटाकडे यावं आणि आल्यावर एकमेकांशी बोलावं. सिंगापूरचा लेखक महोत्सव १९८६पासूनचा. त्याला सरकारी कला परिषदेचा आधार आहे आणि तो इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चार भाषांत चालतो. चार भाषांना एका मांडवात जागा देणं किती कठीण असतं, हे जतसारख्या तालुक्यात राहणाऱ्या मराठी-कानडी माणसाला सांगायला नको.

चौथा प्रकार हक्कांच्या बाजाराचा. त्याचं सगळ्यांत मोठं ठिकाण जर्मनीतलं फ्रँकफुर्ट. आशियात पेइचिंग आणि शारजा ही नावं घ्यावी लागतील. शारजाचा मेळा १९८२पासून भरतो. बाहेरच्या दालनांत मल्याळी कुटुंबं पिशव्या भरभरून पुस्तकं नेत असतात, पण मेळ्याच्या आधी काही दिवस आत वेगळंच काम चालतं. देशोदेशीचे प्रकाशक टेबलाला टेबल लावून बसतात आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटींत एकमेकांना पुस्तकांचे हक्क देतात-घेतात. जो हक्क घेईल त्याला अनुवादासाठी पैसे देण्याचीही सोय आहे. भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या टेबलांपासून सुरू होतं. तिकडे जाण्याआधी पुस्तकाच्या किमतीचा हिशेब बघून घेऊ, कारण तो कळल्याशिवाय प्रकाशक मांडवात चार दिवस का बसतो ते कळणार नाही.

समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि हजार प्रतींची आवृत्ती आहे. वितरक आणि दुकानदार मिळून साधारण ४० टक्के घेतात, म्हणजे १२० रुपये तिथे गेले. लेखकाचं मानधन १० टक्के धरलं तर ३० रुपये. उरले १५०. त्यात कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ करणाऱ्याचे पैसे आणि गोदामाचं भाडं. शिवाय न खपलेल्या प्रतींचा बोजा खपलेल्या प्रतींनीच वाहायचा. आणि दुकानातून आलेले पैसे लगेच येत नाहीत, वितरकाचा हिशेब कित्येक महिन्यांनी होतो. तोवर प्रेसवाल्याचं बिल थांबत नाही.

आता तेच पुस्तक संमेलनातल्या स्टॉलवर २० टक्के सवलतीत गेलं तर प्रकाशकाच्या हातात २४० रुपये पडतात, आणि तेही त्याच क्षणी. स्टॉलचं भाडं, टेम्पो, पोरांची राहण्या-जेवणाची सोय हा खर्च वजा जातो हे खरं. पण रोख हाती येते. लहान प्रकाशकाचं पुढचं पुस्तक बऱ्याचदा या रोखीवर छापलं जातं. ढाका, चेन्नई, कोलकाता, सातारा सगळीकडे हेच आहे. म्हणून कुणी 'एवढे स्टॉल कशाला, हा काय बाजार आहे?' असं म्हटलं की मला वाईट वाटतं. त्या बाजारावर पुढच्या वर्षीचा नवा कवी छापला जातो.

साताऱ्यात एका स्टॉलवर मी तासभर होतो. पुण्याकडचा छोटा प्रकाशक, स्वतःच गल्ल्यावर बसलेला. वाचनालयासाठी म्हटल्यावर त्याने आधी विचारलं, "शिक्का आणलाय?" वाचनालयाला जादा सवलत असते, पण पावतीच्या स्थळप्रतीवर शिक्का लागतो. शिक्का आणि पॅड मी खिशातच ठेवतो. पावतीपुस्तकात कार्बन सरकवून त्याने एकेका पुस्तकाचं नाव पूर्ण लिहिलं, 'इतर पुस्तके' असं मोघम नाही, कारण आमच्या तपासणीला ते चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. गल्ल्याशेजारी त्याची एक चारशे पानी वही होती. भाचीने ती काय म्हणून विचारलं. लोकांनी मागितलेली, पण त्याच्याकडे नसलेली पुस्तकं तो त्यात टिपून ठेवत होता. त्या दिवसाचं पान भरत आलं होतं. शेतीवरची, स्पर्धा परीक्षेची, ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि मधेच एका ओळीत 'कोरियन, नोबेलवाली, मराठीत?' असं लिहिलेलं. कुणी विचारलं होतं कोण जाणे. ती ओळ मात्र भाचीच्या डोक्यात राहिली.

वाचनालयांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण पुस्तकविश्वात आमच्यासारख्यांची गणती कुणी करत नाही. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. मराठी प्रकाशकाची खात्रीची विक्री म्हणजे बऱ्याच अंशी हीच. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात झाला होता. पण पुढे तमिळनाडू, कर्नाटक, केरळ यांनी मालमत्ता करावर छोटा ग्रंथालय उपकर लावला आणि त्यातून ग्रंथालयांना हक्काचा पैसा मिळाला. महाराष्ट्राच्या कायद्यात तो उपकर नाही. त्यामुळे आम्ही अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतो. चार दिवसांच्या मांडवाला मिळणारं कौतुक वर्षभर चालणाऱ्या वाचनालयाला मिळत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

पुस्तकांच्या गावांबद्दलही असाच गोंधळ असतो. पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. स्ट्रॉबेरीचं गाव, सुरुवातीला २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तकं. एका घरात कविता, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात बालसाहित्य अशी मांडणी, बाहेर भिंतीवर रंगवलेलं चित्र. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतली. पण हे-ऑन-वायला रिचर्ड बूथ यांनी १९६१च्या सुमाराला जुन्या पुस्तकांचं दुकान टाकलं, मग दुकानांमागून दुकानं आली आणि १९८८पासून महोत्सव भरू लागला. तिथे पुस्तक विकत मिळतं. भिलारला आपण कुणाच्या तरी ओसरीत बसून फुकट वाचतो. म्हणजे तिकडचा बाजार इकडे येताना वाचनालय झाला. ही नक्कल नव्हे, हा आपल्या मातीचा बदल आहे आणि मला तो आवडतो. घरातली माणसं पाण्याचा तांब्या आणून ठेवतात, अशी वाचनखोली विकत मिळत नाही. टोकियोतला जिंबोचो हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे, कोरियातलं पाजू हे प्रकाशक आणि छापखान्यांसाठी मुद्दाम वसवलेलं शहर. सगळ्यांना 'पुस्तकांचं गाव' म्हणता येईल, आणि कामं चौघांचीही निराळी.

सांगली जिल्ह्यात अंकलखोपला अशाच योजनेत पुस्तकांचं गाव मिळालं. ते तिथेच यावं यात औचित्य आहे. अंकलखोपला लागून कृष्णाकाठी औदुंबर आहे, आणि कवी सुधांशुंच्या त्या गावात दरवर्षी १४ जानेवारीला संक्रांतीचं सदानंद साहित्य संमेलन भरतं. तिळगूळ, नदी, झाडांची सावली आणि दिवसभर साहित्य. आशियातले मोठमोठे महोत्सव मोजणाऱ्या यादीत हे नाव कधी नसतं. पण दशकानुदशकं एकाच तारखेला, कुणी पत्रिका पाठवो न पाठवो, वाचक तिथे आपणहून येतात.

आता बुकर. आंतरराष्ट्रीय बुकर हे पारितोषिक दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत अनुवाद होऊन ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकाला मिळतं. ५०,००० पौंड, आणि ते लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटतात. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला मिळालं, अनुवादक डेझी रॉकवेल. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळालं, अनुवादक मडिकेरीच्या दीपा भास्ती. मिरजेहून थोडं पुढे गेलं की ज्या भाषेच्या पाट्या दिसू लागतात, ती भाषा जगाच्या व्यासपीठावर गेली. मराठीचं पुस्तक अजून गेलेलं नाही.

त्याचं कारण मराठी लेखन कमी कसाचं आहे, असं मी मानत नाही. वाट कशी असते बघा. मूळ प्रकाशकाला किंवा लेखकाच्या प्रतिनिधीला पुस्तकाची दोन पानी ओळख इंग्रजीत हवी. वीस-तीस पानांचा नमुना अनुवाद हवा, तोही वाचणाऱ्याला ओढून नेणारा. मग शारजा, फ्रँकफुर्ट अशा टेबलांवर तो कुणाच्या तरी हातात पडायला हवा. परदेशी प्रकाशकाला पुस्तक आवडलं तरी पूर्ण अनुवादाचा खर्च डोळ्यांपुढे येतो, तेव्हा कुणीतरी अनुदान द्यायला हवं. आणि या सगळ्याच्या आधी, दोन्ही भाषांत सारख्याच ताकदीने वावरणारा आणि एका पुस्तकावर वर्ष-दोन वर्षं घालवायला तयार असलेला अनुवादक हवा. यातला एक दुवा निखळला तरी वाट तिथेच संपते.

कोरियाने हे दुवे ठरवून जोडले. सरकारने अनुवादासाठी स्वतंत्र संस्थाच काढली. ती अनुवादक घडवते, नमुने करून देते आणि परदेशी प्रकाशकांना मदत देते. कोरियन लेखिका हान कांग यांना २०१६ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा अनुवादक डेबोरा स्मिथ यांना कोरियन शिकून फार वर्षं झाली नव्हती. २०२४ साली हान कांग यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे तमिळनाडूने २०२३पासून चेन्नईत सरकारी आंतरराष्ट्रीय पुस्तकमेळा सुरू केला. तो हक्कांच्या देवाणघेवाणीसाठी आहे आणि तमिळ पुस्तक दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याला राज्य अनुदान देतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आमच्या वाचनालयातही पेढे वाटून झाला. त्यानंतर अशा अनुवादाच्या कामावर भर यावा, मोठ्या संमेलनात चार दिवसांपैकी एक दिवस नुसता अनुवादकांचा आणि हक्कांच्या टेबलांचा असावा, ही माझी मागणी आहे. शेजारच्या भाषांचे प्रकाशक बोलवावेत. कन्नडसाठी तर विमानाचीही गरज नाही.

आणि वाट दोन्ही बाजूंनी वाहती हवी. साने गुरुजींनी आंतरभारतीचा, म्हणजे भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावं याचा, ध्यास घेतला तो याचसाठी. मामा वरेरकरांनी बंगाली शरच्चंद्रांना मराठीत आणलं, उमा कुलकर्णींनी कन्नड भैरप्पांना. सांगली-साताऱ्यातल्या कित्येक घरांत ही नावं इतकी मुरली आहेत की वाचणाऱ्याला ते लेखक मराठी नाहीत हे मुद्दाम सांगावं लागतं.

हे सगळं भाचीला सांगितलं त्या रविवारी आम्ही वाचनालयात संमेलनातली पुस्तकं दाखल करत होतो. दाखल रजिस्टरात क्रमांक, लेखक, पुस्तक, प्रकाशक, किंमत असे रकाने असतात. मूळ भाषेचा रकाना नसतो. तिने पट्टी घेऊन उजव्या समासात पेन्सिलीने तो आखला आणि मागची पाच वर्षं चाळत एकेक अनुवादित पुस्तक हुडकून भाषा लिहीत गेली. इंग्रजीतून आलेली भरपूर निघाली. कन्नड बऱ्यापैकी. बांगला थोडी, तीही बहुतेक जुनीच. तमिळ दोन. मल्याळम एक. कोरियन, इंडोनेशियन काहीच नाही.

तिने त्या पानाचा फोटो काढून पावतीवरच्या नंबरावर त्या स्टॉलवाल्याला पाठवला आणि खाली विचारलं, यातलं तुमच्याकडे काय आहे. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. मल्याळममधून आलेल्या दोन कादंबऱ्या आहेत, एक तमिळ कथासंग्रह छापखान्यात आहे, कोरियन त्याने वहीत पुन्हा लिहून ठेवलंय. दोन कादंबऱ्यांचा गठ्ठा शुक्रवारी एसटीच्या पार्सलने येतोय, सोडवायला तीच जाणार आहे.